तपेल्यावरचं नाव शोधणारा पितळी ब्रश

दात घासायचे ब्रश तुम्हाला माहीत आहेत, रंग द्यायचेही माहीत आहेत. मी त्या दोघांपैकी नाही, मित्रांनो. मी एक जुना तारांचा ब्रश आहे. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा, चाकासारखा गोल, मधोमध भोक आणि कडेने पितळेच्या बारीक तारांची दाट झालर. हातात धरायचं एक छोटं विजेचं यंत्र असतं. त्याच्या तोंडाला एक दांडी, दांडीला स्क्रू आणि स्क्रूखाली मी. बटण दाबलं की मी गरगरा फिरतो आणि भांड्यांवरची काजळी, हिरवा गंज, चिकटलेला राप खरवडून काढतो.

एवढंच माझं आयुष्य. यात सांगण्याजोगं काही आहे का, अशी शंका मला फार दिवस होती. आजही थोडी आहेच. पण एका तपेल्याची गोष्ट माझ्या टोकांखाली घडली, आणि ती मला जमेल तशी सांगायचीच, असं मी ठरवलं आहे.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पितळेची तार रिळावरून यायची, दोन दातेरी रुळांमधून जायची आणि बाहेर पडताना कुरळी व्हायची. कुरळ्या तारा एकमेकींना धरून राहतात, सरळ तारा लवकर विखुरतात. मग त्या तारांचे तुकडे दोन चकत्यांमध्ये घट्ट दाबले जायचे. शेवटी आम्ही द्वारकाबाईंच्या टेबलावर यायचो. तयार ब्रश तपासणं हे त्यांचं काम. त्या आमच्या तारा चिमटीत धरून ओढायच्या, आम्हाला टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "गळका असशील तर इथंच गळ बाबा. लोकांच्या डोळ्यांत जाऊ नको."

माझी एकही तार गळली नाही. तेव्हा त्यांनी माझ्या चकतीवर ठसा मारला, १५०००. मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत मी सुरक्षित, त्यापुढे नाही, असा त्याचा अर्थ. हा आकडा मला पुढे फार आठवला.

तिथून मी बोहरी आळीत आलो. अवधूत नावाच्या गृहस्थांचं हत्यारांचं दुकान होतं. त्यांनी मला एका खिळ्याला अडकवलं. शेजारच्या खिळ्याला जाड पोलादी तारांचा एक ब्रश होता. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्याच्या तारांवर बोट फिरवायची, "वा, दणकट आहे" म्हणायची. माझ्या तारांना बोट लावून म्हणायची, "हा मऊ दिसतोय." मी काही बोलू शकत नव्हतो. आणि खरं सांगायचं तर, त्यांचं म्हणणं मलाही पटू लागलं होतं.

एके दिवशी दुकानात बाप-लेक आले. बाप म्हणजे रंगनाथराव, कसबा पेठेतल्या तांबटांच्या आळीतले कारागीर. जुनी तांब्यापितळेची भांडी ठोकून सरळ करायची आणि घासूनपुसून लख्ख करायची, हा त्यांचा धंदा. लेक उत्कर्षा. ती आयटीआयमध्ये फिटरचं शिक्षण घेऊन वडिलांच्याच दुकानात काम करू लागली होती. रंगनाथरावांचा खांदा दुखू लागल्यावर तिनेच ते छोटं यंत्र आणलं होतं. भांड्याचा सपाट भाग अजून चिंच-मिठाने हातानेच घासायचे. पण काठाखाली, कड्यांच्या सांध्यात, जिथे हात पोचत नाही, तिथे यंत्र चालायचं.

"टिकाऊ ब्रश दाखवा," रंगनाथराव म्हणाले.

"कशावर टिकाऊ?" अवधूत यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे लोखंडाच्या गंजावर, दाराच्या रंगावर, तांब्यावर?"

"अहो, ब्रश टिकाऊ पाहिजे. कशावर का असेना. दर आठवड्याला एकाला टक्कल पडतं."

"मग घरी भिंतीवर टांगून ठेवा. शंभर वर्षं टिकेल."

उत्कर्षा हसली. रंगनाथराव हसले नाहीत. त्यांनी सरळ पोलादी ब्रशाकडे बोट दाखवलं. उत्कर्षाने मात्र मला खिळ्यावरून काढलं, माझ्या तारा ओढून पाहिल्या, चकती उलटी करून आकडा वाचला.

"आबा, हा पण घेऊ. तांब्याला हाच बरा, असं आम्हाला शिकवलंय."

"हा केसाळ? घे. एक दिवस टिकला तर मला सांग."

मी एक दिवसही टिकलो नाही.

दोष कोणाचा, ते मी अजूनही ठामपणे सांगू शकत नाही. रंगनाथरावांचे हात आयुष्यभर हातोडीचे. जोर लावला की काम होतं, हे त्या हातांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला यंत्राला लावलं, वेगाची गुंडी शेवटपर्यंत, म्हणजे वीस हजारांवर नेली आणि दुखऱ्या खांद्याचा सगळा भार माझ्यावर टाकला. तारांचं काम टोकांनी करायचं असतं. दाबल्या की तारा आडव्या होतात आणि टोकांऐवजी त्यांच्या कुशी घासत राहतात. माझ्या तारा एका बाजूला लोळल्या. पाच-सात तुटून उडाल्या आणि त्यांतली एक रंगनाथरावांच्या कोपराजवळ सुईसारखी घुसली.

"पडलं पितळ उघडं!" ते ओरडले. तार उपटून त्यांनी मला स्क्रूतून काढलं आणि फळीवरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात फेकलं. त्या डब्यात वाकडे खिळे, फुटके वॉशर आणि एक मोडकी कुलपाची किल्ली होती. आम्हा सगळ्यांचा उपयोग संपलेला होता.

डब्याला झाकण नव्हतं, त्यामुळे पुढचे आठ महिने मी सगळं पाहिलं. पोलादी ब्रशाचे दिवस आले होते. तो खरोखर दणकट होता. कितीही दाबा, वाकत नव्हता. पंधरा मिनिटांत काठाखालचा राप साफ, तांबं आरशासारखं. गिऱ्हाईक खूश, रंगनाथराव खूश. "याला म्हणतात टिकाऊ," असं ते आळीतल्या दहा जणांना म्हणाले असतील.

त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. माझ्याही आली नव्हती, मग मी कोणत्या तोंडाने बोलू?

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात एखाद्या ताटावर किंवा तांब्यावर आजीचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं असेल. लग्नात दिलेलं, बारशाला आलेलं, कोणाच्या स्मरणार्थ घेतलेलं भांडं असलं की त्यावर नाव घालतात. आणि ते बहुतेक वेळा काठाखालीच घालतात.

समोरच्या गल्लीत हार विकणारे गेनबा एक कळशी घेऊन आले. त्यांची पत्नी गेल्या वर्षी कार्तिकात गेली होती. वर्षश्राद्धाला कळशी लख्ख हवी होती. दोन दिवसांनी ते न्यायला आले. कळशी इतकी चकाकत होती की त्यांचा पांढरा फेटा तीत दिसत होता. गेनबांनी अंगठा काठाखाली फिरवला. एकदा, दोनदा. मग कळशी फिरवून पुन्हा.

"नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

रंगनाथरावांनी कळशी उजेडात धरली. तिथे नुसतं तांबं होतं, गुळगुळीत.

"मी घालून देतो नवीन," ते कसेबसे म्हणाले. "मशीनवर. सुंदर अक्षर येतं."

"नवीन मीही घालीन की. ते तिच्या वडलांनी घातलं होतं. खिळ्यानं, घरी बसून. एक अक्षर वाकडं होतं त्यातलं." गेनबा कळशी फडक्यात बांधू लागले. बांधून झाल्यावर म्हणाले, "चकाकतेय मात्र झकास हो." आणि निघून गेले.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी रंगनाथरावांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी दाराशी खडूने पाटी लिहिली गेली: 'नाव घातलेली भांडी घेतली जात नाहीत. कारण विचारू नये.'

उत्कर्षा पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, दहा भांडी येतात त्यांतल्या नवांवर नाव असतं. आपण काय आता घमेली घासायची?"

"घासू घमेली."

"चूक झाली तर चूक सुधारायची, का दुकान बंद करायचं?"

"कळशीवरचं नाव सुधारून दाखव, मग पाटी पुसतो."

उत्कर्षा आत गेली आणि तिने एक घमेलं घासायला घेतलं.

पौषात एका बुधवारी मथुराबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. त्यांच्या मागे त्यांचा नातू रविराज होता. तो कुठल्याशा आयटी कंपनीत होता, गळ्यात कार्ड तसंच होतं. गाडी लावायला पेठेत जागा मिळाली नव्हती, म्हणून एक काळंकुट्ट तपेलं डोक्यावर घेऊन तो दहा मिनिटं चालत आला होता. त्याच्या निळ्या शर्टाची पार वाट लागली होती.

"पाटी वाचली का?" रंगनाथरावांनी विचारलं.

"मला वाचाया येत न्हाई," मथुराबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "नातवानं वाचली. म्हटलं, कारण इचारू नका लिहिलंय, काम सांगू नका असं तर न्हाई लिहिलं?"

उत्कर्षाने त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी काम सांगितलं.

त्या सव्वा महिन्याच्या असताना त्यांची आई गेली. फोटो नाही, कागद नाही. "आमच्या घरात थोरल्या सुनेचं नाव लक्ष्मीच ठेवायचे. माझी आजी लक्ष्मी, माझी आय लक्ष्मी, बापानं दुसरी केली ती बी लक्ष्मी. आता लक्ष्मी म्हटलं की तीन बाया उभ्या ऱ्हात्यात. त्यातली माझी कंची?" आईचं माहेरचं नाव सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आत्या मरताना एवढंच म्हणाली होती की, रुखवतात आलेल्या तपेल्यावर ते नाव आहे. ते तपेलं पुढे गोठ्यात गेलं, गुरांचं आंबोण शिजवायला. गेल्या महिन्यात वाघोलीचं माहेरचं घर पाडलं, तिथे नव्या इमारतीचं काम निघालं, तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात ते सापडलं.

"याला मुलगी झालीय," त्यांनी काठीने रविराजकडे खूण केली. "येत्या रविवारी बारसं हाय. माझ्या पणतीला माझ्या आयचं नाव ठेवायचं. तिला येकदा तरी कुणी त्या नावानं हाक मारावी."

"आजी, मी म्हटलं ना, समजा नाही निघालं तर मी आणि संस्कृतीने बॅकअप लिस्ट केलीय," रविराज म्हणाला. संस्कृती म्हणजे त्याची बायको. "मस्त मस्त नावं आहेत. दोन अक्षरी."

"तुझी लिष्ट खिशात ठेव. शर्ट तेवढा झटक."

रंगनाथराव तपेल्याजवळ गेले. त्यांनी ते वाजवून पाहिलं, काठावर हात ठेवला आणि काढून घेतला. "आजी, रागावू नका. माझ्या हातून एकाचं नाव पुसलं गेलंय. त्यांच्याकडे निदान ते पाठ तरी होतं. तुमचं पुसलं तर ते जगातूनच गेलं. मला नाही जमायचं."

मथुराबाई काठी घेऊन उठू लागल्या.

"मी करते," उत्कर्षा म्हणाली.

"आणि पुसलं गेलं तर?" रंगनाथरावांचा आवाज चढला.

"तर ती पाटी माझ्या नावाने लावा. शनिवारी संध्याकाळी या, आजी."

दुसरा दिवस गुरुवार. दुरुस्तीसाठी आळीतली वीज सकाळीच गेली. उत्कर्षा थांबली नाही. तिने चिंच-मिठाचं गरम पाणी केलं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या त्यात भिजवल्या आणि तपेल्याच्या गळ्याभोवती गुंडाळल्या. तासातासाने बदलत राहिली. संध्याकाळपर्यंत वरची काजळी सुटली. खाली दगडासारखा कडक राप होता, तो मात्र हलेना. मधल्या वेळात ती बोहरी आळीत जाऊन आली. आल्यावर तिथलं सगळं बोलणं तिने वडिलांना मुद्दाम मोठ्याने सांगितलं, म्हणून मलाही कळलं.

अवधूत म्हणाले होते, "तांब्यावर पोलाद? म्हणजे मांजराच्या पाठीवर खराटा. तुम्हाला एक पितळी दिला होता ना?"

"त्याला टक्कल पडलं."

"कितीवर फिरवला?"

"गुंडी शेवटपर्यंत."

"पाठीवरचा आकडा शोभेला नसतो, ताई. यंत्राचा वेग त्याच्या आत पाहिजे. आणि दाबलाही असेल. एका बाजूला लोळलाय का? मग फेकू नका. काढून उलटा बसवा. लोळलेल्या तारा आता समोरून लागतील, टोकांना आपोआप धार येईल. नवा पितळी पाहिजे तर माल सोमवारी येईल."

बारसं रविवारी होतं.

शुक्रवारी सकाळी वीज आली आणि उत्कर्षाने डबा फळीवर पालथा केला. खिळे, वॉशर, किल्ली यांमधून तिने मला उचललं, फुंकलं, चकती पुसून आकडा वाचला. आठ महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. गेनबांची कळशी मी पाहिली होती. मी मऊ आहे, लोळतो, गळतो, असंच सगळे म्हणत आले होते. पण तिने मला उलटं बसवून स्क्रू आवळला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, झिजायचं तर झिजू, पण आज लोळायचं नाही.

तिने आधी तपेल्याला हातच लावला नाही. तांब्याच्या एका टाकाऊ तुकड्यावर तिने खिळ्याने टिंबं टिंबं ठोकून स्वतःचं नाव दोनदा घातलं आणि तो तुकडा दिव्यावर धरून काळा केला. एका नावावर पोलादी ब्रश फिरवला. पत्रा झळाळला, आणि 'उत्कर्षा' हे नाव निम्मं त्या झळाळीत विरून गेलं. मग दुसऱ्या नावावर मी. वेग कमी, दाब नाही, फक्त यंत्राचं वजन. माझी टोकं पृष्ठभागावरून गेली, टिंबांच्या खड्ड्यांत उतरली नाहीत. भोवतीचं तांबं उजळलं आणि टिंबांत काजळी तशीच राहिली. लालसर तांब्यावर काळं, सुबक नाव उमटलं.

कोपऱ्यात हातोडी घेऊन बसलेल्या रंगनाथरावांनी ते पाहिलं. हातोडीचा आवाज थांबला.

मग सुरू झालं खरं काम. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि तपेल्याचा गळा. राप इतका कडक होता की अंगठ्याएवढी जागा उजळायला पाऊण तास जायचा. घाई करायची तर दाबावं लागणार होतं, आणि दाबायचं नव्हतं. दर थोड्या वेळाने उत्कर्षा यंत्र बंद करी, मला उलटं बसवी, आणि पुन्हा चालू. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारपर्यंत अर्ध्याहून थोडा जास्त गळा उजळला होता आणि त्यावर एकही टिंब नव्हतं. माझ्या तारा निम्म्या झिजल्या होत्या. पण मित्रांनो, एकही लोळली नव्हती.

मथुराबाई संध्याकाळी यायच्या त्या तीन वाजताच आल्या. रविराजही होता, आज काळा शर्ट घालून. मथुराबाई पायरीवर बसल्या आणि एकदाही "झालं का" म्हणाल्या नाहीत. ते न विचारणंच फार जड होतं.

उत्कर्षाने यंत्र खाली ठेवलं. तिची बोटं सुजली होती. "आबा, जवळजवळ निम्मा राहिलाय. आजच्यात होणार नाही. आणि हा ब्रश एवढा पुरणारही नाही. कुठे असेल नाव? तुम्ही सांगा."

रंगनाथराव उठले. मग खाली फतकल मारून बसले आणि तपेलं ओढून मांडीत घेतलं, लहान मूल घ्यावं तसं आडवं.

"नाव घालणारा असा बसायचा," ते हळूच म्हणाले. "माझे आजोबा असेच बसायचे. भांडं हलू नये म्हणून एक कडी डाव्या मुठीत. म्हणजे उजव्या हाताला जागा येते ती ही." त्यांचं बोट कडीच्या उजवीकडे चार बोटांवर टेकलं. "ही कडी तू काल बघितलीस. दुसरी राहिलीय." त्यांनी तपेलं फिरवलं, दुसरी कडी मुठीत धरली. बोट टेकलं तिथे राप सगळ्यांत जाड होता.

"मग तुम्हीच करा," उत्कर्षा म्हणाली आणि यंत्र पुढे केलं.

"नको."

"मी आजोबांसारखी बसलेली नाही, आबा. तुम्ही बसलाय."

त्यांनी यंत्र घेतलं आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. मग गुंडी स्वतः तपासली. "आकडा किती याचा?"

"पंधरा हजार. आपण आठ हजारांवर ठेवलंय."

मी फिरू लागलो. ज्या हाताने मला एका दिवसात लोळवलं होतं, तो हात आता इतका हलका होता की मधमाशी फुलावर बसावी तसा मी रापावर टेकत होतो. अर्धा तास गेला. एक कण सुटला, मग दुसरा. माझ्या तीन तारा गेल्या. चौथी जाताना खाली तांब्याचा लालसर ठिपका दिसला आणि त्या ठिपक्यात एक काळं टिंब होतं.

रंगनाथराव जवळ वाकले. पण हात दाबला नाही. टिंबाशेजारी टिंब आलं, मग तिसरं. टिंबांची ओळ वळली, वर गेली, काना झाला. दिवे लागेपर्यंत बोटभर रुंद पट्टी उजळली आणि रंगनाथरावांनी यंत्र बंद केलं. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी वाचलं नाही. तपेलं लेकीकडे वळवलं.

उत्कर्षाने वाचलं, "चि. राही हीस आईकडून."

"राही," मथुराबाई म्हणाल्या.

"राही? किती मॉडर्न आहे!" रविराज म्हणाला. त्याने खिशातली यादी काढली, एकदा पाहिली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. "संस्कृतीला फोन लावतो." पण त्याने फोन लावला नाही. तोही तपेल्याजवळ खाली बसला.

"पोरी, कुठं लिहिलंय?" मथुराबाईंनी विचारलं. "मला दाव."

रंगनाथरावांनी त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या टिंबावर ठेवलं. न वाचता येणारं ते बोट टिंबांवरून हळूहळू पुढे गेलं. प्रत्येक टिंब त्याला लागत होतं. कारण तिथला खड्डा अजून खड्डा होता, कोणी तो घासून सपाट केला नव्हता. ओळीच्या शेवटाशी बोट थांबलं, मागे आलं आणि पुन्हा पहिल्यापासून निघालं.

मग मथुराबाई वाकल्या. बारशाला बाळाच्या कानाशी वाकतात तशा तपेल्याच्या तोंडाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "राही. आय गं, राही."

तपेलं घुमलं. आळीतल्या हातोड्या चालूच होत्या, तरी मला ते घुमणं नीट ऐकू आलं.

रविवारी बारसं झालं. मी तिथे नव्हतो, पण पेढे आले, ते उत्कर्षाने डब्यात ठेवले, त्याच बिस्किटांच्या. मी आता डब्यात नसतो. मला भिंतीवर स्वतंत्र खिळा आहे आणि त्यावर रंगनाथरावांच्या अक्षरात खडूने लिहिलं आहे: 'फक्त तांबं-पितळ. दाबू नये.' पोलादी ब्रशालाही शेजारी खिळा आहे. त्याच्यावर 'फक्त लोखंड' असं लिहिलं आहे. त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तो चुकीच्या जागी लागला होता, मी चुकीच्या वेगाने फिरलो होतो. नुकसान मात्र नावांचं झालं.

दाराशी पाटीही बदलली: 'नावाची भांडी घेतली जातील. घाई असल्यास घेतली जाणार नाहीत.'

टिकाऊ वस्तू जरूर निवडा, मित्रांनो. तार ओढून बघा, आकडा वाचा, यंत्राचा वेग बघा, हात हलका ठेवा. अशी वस्तू पुष्कळ दिवस साथ देते. पण त्याआधी एकदा स्वतःला विचारा, की टिकवायचं नक्की काय आहे? हत्यार, की हत्याराखालची वस्तू? मला हे फार उशिरा समजलं, आणि तेही दुसऱ्याच्या नुकसानीतून. गेनबांच्या कळशीवरचं ते वाकडं अक्षर परत आलेलं नाही. येणारही नाही.

काल मात्र गेनबा आले. दारातच उभे राहून त्यांनी नवी पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग फडक्यातून एक छोटं ताम्हन काढून रंगनाथरावांसमोर ठेवलं.

"याच्यावरही तिचं नाव आहे," ते म्हणाले. "काठाखाली. मला घाई नाही."

रंगनाथरावांनी ताम्हन दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं. उत्कर्षा म्हणाली, "आबा, अवधूतकाकांकडून नवा ब्रश आणते. याच्यात आता काही राहिलं नाही."

"नवा आण," रंगनाथराव म्हणाले, "पण हे काम यानेच."

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, उलटं बसवलं आणि स्क्रू आवळला. माझ्या फार थोड्या तारा उरल्या आहेत. त्या ताम्हनापुरत्या नक्की पुरतील.